तांबडीचा एकच गिअर

"मारा सेल्फ!" दाऊदभाई ओरडले आणि दोन पावलं मागे सरले. स्वतःच बसवलेल्या इंजिनापासून माणूस असा मागे सरला तर स्टिअरिंगवर बसलेल्यानं काय समजायचं? मी डोळे मिटले आणि किल्ली फिरवली.

तांबडी आधी खोकली. मग तिनं काळ्या धुराचा लोट फणसावर सोडला, फणसावरचे कावळे शिव्या देत उडाले, आणि तिच्या पोटातून आवाज सुरू झाला. डग डग डग डग. गाडीचा नव्हेच तो. लाँचचा आवाज. वाटावं आपण खाडीत आहोत आणि आता पलीकडचा धक्का येईल.

"अल्ला!" दाऊदभाईंनी दोन्ही हात वर केले. "तात्या, ऐकताय ना? मेलेलं इंजिन उठवलंय मी, मेलेलं! आख्ख्या किनाऱ्यावर दुसरा माणूस दाखवा!"

तात्या म्हणजे माझे सासरे. ते गाडीच्या नाकासमोर एका लाकडी पेटीवर बसले होते. त्यांच्या डोळ्यांना तेव्हा फक्त उजेड आणि सावली एवढंच कळायचं. खांद्यावरचा पंचा फडफडत होता आणि त्यांनी तोंड जरा वर केलं होतं, समुद्रावर बसल्यासारखं.

"वारा बरा येतोय," ते म्हणाले.

दाऊदभाईंचे हात खाली आले. रेडिएटरच्या पंख्यानं समोरचा वारा आत ओढायचा असतो. हा आतला वारा तात्यांच्या तोंडावर फेकत होता. "पंखा उलटा लागलाय. चहा ठेवा वैनी, उकळेपर्यंत होतंय." त्यांनी पंखा काढला, पालटला, लावला. पुन्हा सेल्फ. पुन्हा पंचा फडफडला. पुन्हा काढला, पुन्हा लावला. चहा उकळून आटला. शेवटी पंख्याला त्याच्या कारखान्यासकट एक शिवी हासडून त्यांनी तो आवाराच्या कोपऱ्यात भिरकावला आणि कुठल्याशा मोडीत काढलेल्या मोटारीचा विजेवर चालणारा पंखा आणून बसवला. तो शहाण्यासारखा वारा आत ओढू लागला. सगळ्यांचं समाधान झालं. तात्या काहीच बोलले नाहीत.

या गोष्टीला आता वीस-बावीस वर्षं झाली असतील. पण तो पंचा फडफडताना अजून दिसतो मला.

तांबडी मूळची हिरवी. धरणाच्या कामावरची फोर व्हील पिकअप, तात्यांनी लिलावात घेतलेली. आमच्या कुडवे गावच्या जांभ्या दगडाची धूळ वर्षानुवर्षं खाऊन तिचा रंग कुठे संपतो आणि रस्ता कुठे सुरू होतो हे कळेनासं झालं, तेव्हा ती तांबडी झाली. आदल्या पावसाळ्यात तिचं इंजिन तडकलं आणि गिअरबॉक्सचे दात निखळून तेलाबरोबर बाहेर आले. मी ते दात बशीत गोळा करून ठेवले. का, ते विचारू नका. टाकवले नाहीत.

नवरा जहाजावर. फोन आला की अनंता म्हणायचा, "भंगारात घाल गो ती," आणि मी उत्तर देईपर्यंत लाइन कट व्हायची. बरंच व्हायचं. कारण तांबडी भंगारात गेली असती तर तिच्याबरोबर आमच्या घरातून देवीचं पाणीही गेलं असतं.

हे पाण्याचं सांगायला हवं. आमचं गाव खाली, खाडीला लागून. देवी सडजाई वर, सड्यावरच्या मोकळ्या पठारावर. बंदराशी खाऱ्या पाण्याला अगदी खेटून एक गोड्या पाण्याची विहीर आहे. चैत्रात जत्रेच्या सकाळी त्या विहिरीचं पाणी मोठ्या तांब्याच्या गंगाळात भरून वर न्यायचं, त्यानं देवीला न्हाऊ घालायचं आणि उरलेल्या पाण्यात जत्रेचं जेवण शिजवायचं. हे पाणी नेण्याचा मान आमच्या मांडवकरांच्या घराचा. पूर्वी बैलगाडीतून, मग तांबडीतून.

आणि या मानाला एकच अट. पाणी निघालं की मागे यायचं नाही. वीतभरही नाही. गाडी सड्यावर चढणाऱ्या घाटीत थांबली तर चालेल, मागे घरंगळता कामा नये. ते बघायला भावकीतल्या दुसऱ्या घराचा माणूस नारळ घेऊन मागच्या चाकाजवळ चालतो. गाडी थांबली की तो चाकामागे नारळ ठेवतो. नारळ फुटला, की मान त्याच्या घरी गेला. ज्याला मान हवा असतो त्यालाच राखणीला ठेवायचं, हे ज्यानं ठरवलं त्यानं माणसं फार जवळून पाहिली असावीत.

तेव्हा नारळ होता शांताराम भावोजींकडे. अनंताचे चुलत भाऊ, वयानं मोठे. तांबडीचं नवं इंजिन सुरू झाल्याची बातमी ऐकून ते त्याच संध्याकाळी आले. ओट्यावर बसले, चहा घेतला, बशीतले ते निखळलेले दात बघितले.

"तात्या, हट्ट पुरे झाला आता. तुम्हाला दिसत नाय. अनंता इथं नाय. गाडी चालवणार कोण?"

"सूनबाय," तात्या म्हणाले.

"वैनी कलमांच्या बागेत पेट्या फिरवते, ते वेगळं. ही घाटी हाय. माझी नवी गाडी हाय, ड्रायव्हर हाय."

"तुझी गाडी लांब किती? कोपरावर मागं घ्यावी लागेल तुला."

कोपर म्हणजे घाटीतलं शेवटचं वळण. दुमडलेल्या हातासारखं. कोणतीही गाडी तिथे एकदा मागे घेतल्याशिवाय वळत नाही. फक्त तात्या तांबडीला बाहेरच्या अंगानं जांभ्याच्या पायरीवर चढवून एका दमात वळवायचे.

"या वर्षी तुम्ही आणा," भावोजी उठत म्हणाले. "पण नारळ फुटला तर पुढच्या चैत्राआधी मी जेसीबी लावून कोपर रुंद करतो. मग रस्ता सगळ्यांचा. आणि वैनी, राग मानू नको, पण पाणी वाटेत सांडलं तर गाव तुला बोलेल, मला नाय."

ते गेल्यावर तात्या बराच वेळ बशीतले दात बोटांनी चाचपत होते. तो माणूस कधी काही मागायचा नाही. मीठ कमी असलं तरी जेवून उठायचा. त्या दिवशी म्हणाले, "एकदा वर ने मला, सुगंधा. पुढच्या सीटवरून. पुढलं पुढं बघू."

त्याआधी महिनाभर आमचं आवार म्हणजे गॅरेजच होतं. फणसाच्या जाड फांदीला चेनपुली बांधून जुनं इंजिन वर काढलं, तेव्हा फांदी अशी कण्हली की मी फणसाची माफी मागितली. गिअरबॉक्स मिळाला एका ठोकलेल्या रुग्णवाहिकेचा. ती तांबडीच्याच जातीची, त्यामुळे तो चपखल बसला. इंजिन मात्र मिळता मिळेना. तेव्हा दाऊदभाईंना खाडीतली जुनी लाँच आठवली. पूल झाल्यावर ती बंद पडली होती आणि मोडायला काठावर ओढून ठेवली होती. तिचं काम आयुष्यभर दाऊदभाईंनीच केलेलं. लाँचचं इंजिन आणि रुग्णवाहिकेचा गिअरबॉक्स यांचं लग्न लावायला त्यांनी बंदरावरच्या लेथवर मधली लोखंडी प्लेट करून घेतली, इंजिन ज्यावर बसतं ती फाउंडेशनं कापून नव्यानं वेल्डिंग केली. मी घासायचं, पुसायचं, धरायचं काम करत होते. तात्या माझ्या मोडक्या कढईत हात घालून बोल्ट वेगळे करायचे. "हा मधल्या प्लेटचा. हा आखूड, हा खालचा." डोळ्यांनी आम्ही चुकायचो, त्यांची बोटं चुकायची नाहीत.

रुग्णवाहिकेच्या गिअरबॉक्सबरोबर एक डबीही आली होती. रिवर्स टाकला की त्यातली बाई बोलते. दाऊदभाईंनी ती हौसेनं मागे लावली. "फुकटात आलीय. राहू दे, तुम्हाला सोबत."

जत्रेच्या आदल्या दुपारी चाकांना जोडणारे शाफ्ट लागले आणि गाडी पहिल्यांदा हलवायची वेळ आली.

"पहिला टाका, वैनी. हळू क्लच सोडा."

मी पहिला टाकला. क्लच हळू सोडला. तांबडी मागे उडी मारून गवताच्या उडवीत शिरली.

"रिवर्स नाय! पहिला!"

"पहिलाच टाकलाय!"

"उतरा. मी बघतो." दाऊदभाई बसले. दुसरा टाकला. तांबडी आणखी जोरात मागे गेली आणि गोठ्याचा कूड आडवा झाला. म्हैस शांतपणे बघत राहिली. तिसरा टाकायची कुणाची छाती झाली नाही. मग त्यांनी, काय मनात आलं कोण जाणे, रिवर्स टाकला. तांबडी गवतातून अलगद बाहेर आली आणि सरळ पुढे, तुळशीवृंदावनाच्या दिशेनं चालू लागली. आणि तिच्या पाठीतून एक शिकलेली, गोड बाई म्हणाली :

"कृपया लक्ष द्या. गाडी मागे येत आहे."

दाऊदभाईंनी ब्रेक मारला. इंजिन बंद झालं. ते उतरले आणि फुटबोर्डवर बसून त्यांनी डोक्याला हात लावला.

"मशिदीकडचं," ते म्हणाले. "मी मशिदीकडचं उचललं."

त्या लाँचला दोन इंजिनं होती आणि पाणी कापणारे दोन पंखे. लाँच एका बाजूला ओढली जाऊ नये म्हणून एक इंजिन इकडून तिकडे फिरायचं आणि दुसरं तिकडून इकडे. धक्क्यावर ती रोज एकाच तऱ्हेनं लागायची, त्यामुळे सगळे खलाशी एकाला माडाकडचं म्हणायचे आणि दुसऱ्याला मशिदीकडचं. सरळ फिरणारं ते माडाकडचं. दाऊदभाईंनी काठावर जाऊन माडाकडचं इंजिन बरोबर उचललं होतं. फक्त लाँच काठावर ओढताना तिचं तोंड फिरलं होतं, आणि माड आपल्या जागी होते.

"म्हणजे काय झालं?" मी विचारलं. खरं तर कळलं होतं.

"म्हणजे इंजिन उलटं फिरतंय. मागं जायला तुम्हाला चार गिअर हायत वैनी. सगळा मुलूख मागं फिरून या. पुढं जायला एक."

"कुठला?"

"रिवर्स."

मला हसू येत होतं आणि रडूही, आणि दोन्ही एकमेकांना वाट देत नव्हते. पुन्हा सगळं उतरवायचं, दुसरं इंजिन बसवायचं, तर जत्रा उद्यावर. शांताराम भावोजींचा चेहरा दिसायला लागला. जेसीबी दिसायला लागला. दाऊदभाई पान्याच्या टोकानं नुसती माती उकरत होते.

तात्या काठी टेकत गाडीपाशी आले. बॉनेटवर हात ठेवला.

"पुढं जाते ना?"

"जाते, तात्या. पण एकच गिअर."

"मग किती हवेत?" तात्या म्हणाले.

दाऊदभाईंचा पाना थांबला.

"रिवर्सचा गिअर पहिल्याएवढाच दमदार. त्यात फोर व्हीलची छोटी लिव्हर पाडली की बैलापेक्षा हळू आणि हत्तीपेक्षा जोरात. घाटीत गिअर बदलायला गेलं की गाडी मागं घरंगळते. बदलायचा गिअरच नसेल तर घरंगळणार कशी?"

दाऊदभाईंना एकदम कंठ फुटला. "हेच! मी हेच बोलणार होतो!"

"दाऊद," तात्या म्हणाले, "त्या बाईचं तोंड तेवढं बंद कर."

दाऊदभाईंनी खाली शिरून वायर ओढून तोडली. चिकटपट्टी संपली होती, म्हणून टोकं नुसती इकडेतिकडे वाकवून ठेवली. हे मला नंतर कळलं.

सकाळी विहिरीवर सगळा गाव जमला. बायकांनी गंगाळ काठोकाठ भरलं, आंब्याच्या डहाळ्यांनी झाकलं, पुरुषांनी ते तांबडीच्या हौद्यात दोरांनी आवळून बांधलं. मला स्टिअरिंगवर पाहून कुणी काही बोललं नाही, पण ढोलवाल्यांचा ठेका चुकला. मी साडीचा पदर खोचला, छोटी लिव्हर पाडली, आणि कुणाला दिसू नये म्हणून हात आड धरून रिवर्स टाकला.

डग डग डग. तांबडी पुढे निघाली. शेजारी तात्या, नवं धोतर नेसून, काठी दोन पायांत उभी धरून. मागच्या चाकाशी शांताराम भावोजी, दोन्ही हातांत नारळ.

घाटीचा पहिला चढ लागला. तांबडीनं काहीच केलं नाही, म्हणजे ना आवाज चढवला, ना वेग सोडला. खाडीत भरतीविरुद्ध जाताना लाँच जशी जायची तशी ती जात होती, घाई नाही, थांबणं नाही. ढोलवाले पुढे चालत होते. मला कुठल्याही लिव्हरला हात लावायचा नव्हता, फक्त धरून बसायचं होतं. घाम मात्र मानेवरून पाठीत चालला होता.

अर्ध्या चढावर देवीच्या बहिणीचा दगड आहे. तिथे थांबावंच लागतं, तिला हळदकुंकू झाल्याशिवाय पुढे जाता येत नाही. दगडही त्या शहाणीनं नेमका उभ्या चढावर घेतलाय. मी ब्रेक दाबला. आरशात भावोजी वाकलेले दिसले. नारळ चाकामागे, चाकाला जवळजवळ टेकवून.

हळदकुंकू झालं. "चला!"

माझा पाय अजून ब्रेकवरच होता. हँडब्रेक नावालाच होता. पाय ब्रेकवरून काढून दुसरीकडे नेईपर्यंत गाडी मागे येणार, हे बागेतल्या साध्या चढावरही मला माहीत होतं.

"ब्रेक सोडू नको," तात्या पुटपुटले. "क्लच आधी सोड. हळू. अजून. इंजिनाचा आवाज जड झाला ना? तिनं धरलंय आता. ऐकलंस? आता सोड."

मी सोडला. एक क्षण तांबडी जागच्या जागी उभी राहिली, ब्रेक नाही, काही नाही, नुसती इंजिनाच्या जोरावर. मग पुढे सरकली. आरशात भावोजींनी नारळ उचलला, उन्हात धरून फिरवून बघितला. मला त्या क्षणी ओरडावंसं वाटलं होतं. मी फक्त नाक पुसलं.

त्यानंतर खडक सुरू झाले. तांबडी उजवीकडे कलली, डावीकडे कलली, गंगाळातलं पाणी डहाळ्यांखाली डुचमळलं. आणि एका मोठ्या धक्क्यासरशी मागून, ढोलांच्या वर, सगळ्या घाटीला ऐकू जाईल अशा आवाजात ती बाई म्हणाली :

"कृपया लक्ष द्या. गाडी मागे येत आहे."

ढोल थांबले. मागे चालणारा सगळा गाव बाजूला पांगला. बायकांनी पोरं उचलली. गाडी मात्र पुढे चालली होती.

"थांबवू?" माझा पाय ब्रेककडे गेला.

"कशाला?" तात्या.

"ऐकू आलं सगळ्यांना!"

"बोलू दे तिला. देवीचं पाणी काय लपवून न्यायचंय? समोर बघ, कोपर आलं."

मागून भावोजी ओरडत होते. "रिवर्स! अरे, रिवर्सवर चाललीय ही! थांबवा!" पण नारळ हातात असलेल्याला गाडीपुढे येता येत नाही, चाक सोडता येत नाही. ते आपले चाकाशी तडफडत चालत होते. "कृपया लक्ष द्या," बाई त्यांना म्हणत होती.

कोपरावर समोर नुसतं आकाश दिसतं. डावीकडे दरी, उजवीकडे कातळ, आणि बाहेरच्या अंगाला ती जांभ्याची पायरी. तात्यांनी खिडकीतून हात बाहेर काढून पंजा उघडा धरला.

"कातळाच्या सावलीचा गारवा लागतोय अजून. जा. जा. आता ऊन लागलं. पूर्ण डावीकडं मार, चाक पायरीवर चढव."

"दरी आहे तात्या."

"दरी तिथंच हाय गेली शंभर वर्षं. ती काय पुढं येत नाय. मार."

मी स्टिअरिंगला लोंबकळले. डावं चाक पायरीवर चढलं, बॉनेट वर झालं, मला रस्ता दिसेना. फक्त आकाश आणि एक घार. मग मागचं चाक चढलं, तांबडी सगळ्या अंगानं करकरली, "गाडी मागे येत आहे," बाई म्हणाली, आणि मी होतं नव्हतं तेवढं बळ लावून उजवीकडे वळवलं. बॉनेट खाली आलं. समोर सडा होता. सपाट, पिवळा, आणि त्याच्या टोकाला सडजाईचं कौलारू देऊळ.

मी गाडी दीपमाळेपाशी थांबवली, इंजिन बंद केलं. इतकी शांतता झाली की गंगाळातलं पाणी हलताना ऐकू आलं.

भावोजी धापा टाकत आले. "गुरवकाका! मान्य नाय हे! सगळी घाटी रिवर्स गिअरवर आणलीय. तुम्ही स्वतः ऐकलंत, गाडीच सांगत होती!"

गुरवकाका म्हातारे, ऐकू कमी. ते पायरीवरून शांतपणे उतरले.

"नारळ दाखव."

"नारळाचं नाय, गिअरचं..."

"नारळ दाखव, शांताराम."

भावोजींनी नारळ पुढे केला. गुरवकाकांनी तो कानाशी धरून हलवला. पाणी वाजलं. त्यांना ते ऐकू आलं की नाही देव जाणे, पण हसले. "भरलेला हाय."

"पण गिअर?"

"माझ्या आज्यासमोर बैलगाडी यायची. बैलाला किती गिअर होते?"

मागे कुणीतरी खुदकन हसलं आणि मग हसू सगळ्या सड्यावर पसरलं. दाऊदभाई तर कातळावर चढून ओरडत होते, "उलट्या इंजिनावर घाटी! आख्ख्या किनाऱ्यावर दुसरा माणूस दाखवा!" काल फुटबोर्डवर बसलेला माणूस हाच का, असा प्रश्न पडावा.

गंगाळ उतरवलं. मग गुरवकाकांनी हात वर केला. "नारळ फोडायचा. कासरा कोण धरून होतं?"

हसू थांबलं. आमच्याकडे बाई नारळ फोडत नाही. कुणी सांगितलेलं नाही, पण फोडत नाही. मी तात्यांकडे पाहिलं. तात्या देवळातल्या घंटेच्या आवाजाकडे तोंड करून उभे होते, जसं काही त्यांना काही ऐकूच गेलं नव्हतं. बायकांमधून कुणीतरी म्हणालं, "तात्यांच्या हाती द्या की." लगेच दुसरी म्हणाली, "गप गो."

"कासरा धरणारा फोडतो, हे मला बापानं सांगितलं," गुरवकाका म्हणाले. "बाई की बाप्या ते त्यानं सांगितलं नाय. आता विचारायला तो नाय. शांताराम, दे."

भावोजी माझ्यासमोर आले. चेहरा लाल, शर्ट घामानं चिकटलेला. सगळी घाटी तो माणूस वाकत, नारळ ठेवत, उचलत चालला होता. तेही काही सोपं नव्हतं. त्यांनी नारळ माझ्या हातात ठेवला. उबदार होता, त्यांच्या हातांनी.

मी पायरीवर आपटला. टणकन उडाला. फुटला नाही. पुन्हा आपटला. नाही. मागे कुजबुज सुरू झाली. घाटी चढून आले आणि नारळाशी हरते की काय, असं मला वाटायला लागलं.

"शेंडी अशी धर, वैनी," भावोजी हळूच म्हणाले, माझ्याशिवाय कुणाला ऐकू जाऊ नये असं. "आडवा. मधल्या शिरेवर. आणि घाबरू नको त्याला."

मी शेंडी धरली. आडवा मारला. नारळ बरोबर मधोमध उकलला आणि पाणी माझ्या पायांवर, भावोजींच्या पायांवर, देवीच्या पायरीवर उडालं. मग ढोलांनी जो दणका दिला तो खालच्या बंदरावर ऐकू गेला म्हणतात.

उतरताना संध्याकाळ होत आली होती. हौद्यात रिकामं गंगाळ आणि झोपलेले दाऊदभाई. एकाच गिअरमध्ये, इंजिनाच्या दमावर, तांबडी पायरी पायरी उतरत होती. बाई मधूनमधून लक्ष द्या म्हणत होती.

"बरं झालं कालच कळलं," मी म्हणाले. "घाटीत कळलं असतं तर?"

"मला कधीच कळलं होतं," तात्या म्हणाले.

मी त्यांच्याकडे वळून पाहिलं.

"पुढं बघ. पंखा काय पालटून सुधारतो? वारा माझ्या तोंडावर आला तेव्हाच समजलो. इंजिनच उलटं."

"मग बोलला का नाहीत?"

"बोललो असतो तर दाऊदनं सगळं उतरवलं असतं. मग चार गिअर मिळाले असते तुला." ते काठीच्या मुठीवर हात चोळत राहिले. "मी ही घाटी इतकी वर्षं चढलो ना, त्यात दोनदा गाडी मागं आली असती, थोडक्यात वाचलो. दोन्ही वेळा पहिल्याचा दुसरा करताना. डोळे होते तेव्हा. तुला तेवढं एक टाळून द्यायचं होतं. बाकीचं तुला येत होतं."

मला पुढचा रस्ता जरा अस्पष्ट दिसायला लागला. वाकून चाक वळवलं, मग पुन्हा सरळ केलं.

घाटी संपली. उजवीकडे आमच्या घराचा रस्ता, डावीकडे बंदर आणि बाजारपेठ. मी उजवीकडे वळायला लागले तर तात्यांनी माझ्या मनगटावर हात ठेवला.

"बंदरावरून घे."

"लांब पडेल, तात्या. एकाच गिअरमध्ये अंधार होईल."

"होऊ दे." ते सीटवर ताठ बसले, धोतर सारखं केलं, आणि खिडकीची काच पूर्ण खाली केली. "ती बाई ओरडतेय ना अजून? ओरडू दे. बाजारात सगळ्यांना कळू दे, मांडवकरांची गाडी येतेय."